‘अशाने आजारी पडाल’ हे कोरियन भाषेत कसे म्हणावे? ‘हांगुगॉ किचो साजॉन’ या मोफत शब्दकोशाचे परीक्षण

परकीय भाषेचा शब्दकोश चांगला की सुमार, हे त्यातील नामांवरून ठरवता येत नाही. टेबल, पाऊस, मावशी यांचे अर्थ कोणताही कोश बरोबर देतो. खरी कसोटी लागते ती प्रत्ययांच्या नोंदींवर, कारण प्रत्ययाला स्वतःचा सुटा अर्थ नसतो आणि तो वाक्यात काय करतो हे सांगताना कोशकाराची सगळी समज पणाला लागते. म्हणून दक्षिण कोरियाच्या राष्ट्रीय कोरियन भाषा संस्थेने चालवलेल्या ‘हांगुगॉ किचो साजॉन’ या ऑनलाइन शब्दकोशाचे परीक्षण मी एकाच प्रत्ययाच्या आधारे करणार आहे. तो प्रत्यय म्हणजे ‘-दागानुन’. समोरचा माणूस जे करतो आहे ते त्याने असेच चालू ठेवले तर वाईट परिणाम होईल, असा इशारा देण्यासाठी कोरियन माणूस तो वापरतो.

प्रथम कोशाविषयी थोडेसे. नावाचा अर्थ ‘कोरियन भाषेचा मूलभूत शब्दकोश’ असा आहे आणि तो परदेशी विद्यार्थ्यांना नजरेसमोर ठेवून तयार केलेला आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये तो परकीय भाषांतील आवृत्त्यांसह सर्वांसाठी खुला झाला. त्यात सुमारे ५० हजार नोंदी आहेत. त्याच संस्थेच्या १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रमाण बृहद्कोशात सुमारे पाच लाख शब्द होते. हा आकडा पाहता ५० हजार ही संख्या लहान वाटेल, परंतु विद्यार्थ्याच्या दृष्टीने ती पुरेशी आहे आणि निवड विचारपूर्वक केलेली आहे. शब्दांपुढे प्राथमिक, मध्यम आणि उच्च अशा पातळ्या चांदण्यांनी दाखवलेल्या असतात. कोश वापरण्यासाठी पैसे लागत नाहीत आणि नाव नोंदवण्याचीही गरज पडत नाही. शब्द, वाक्प्रचार आणि म्हणी यांच्याबरोबरच ‘व्याकरण व अभिव्यक्ती’ असा स्वतंत्र प्रकार त्यात आहे. पाठ्यपुस्तकात ज्यांना पाठाच्या शेवटी दोन ओळींत गुंडाळले जाते, त्या प्रत्ययांना येथे शब्दांइतकाच मान मिळतो, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आता प्रत्ययाकडे वळतो. कोरियन भाषेत ‘-दागा’ हा एक जोडप्रत्यय आहे. एखादी क्रिया चालू असताना मध्येच दुसरे काही घडले, हे तो सांगतो. धावता धावता पडलो, झोपलेलो असताना मध्येच जाग आली, अशा वाक्यांत तो येतो. त्याला ‘नुन’ हा भर देणारा अंश जोडला की ‘-दागानुन’ तयार होतो आणि बोलताना त्याचे ‘-दागान’ असे आखूड रूप होते. भर बदलताच अर्थाचा रोखही बदलतो. क्रिया अजून चालू आहे, परिणाम अजून व्हायचा आहे, आणि तो परिणाम चांगला नाही, या तिन्ही गोष्टी एकाच प्रत्ययात सामावतात. ‘कुरॉखे कुफागे मॉक्तागानुन चेहागेस्सॉयो’ असे कोणी म्हणाले, तर त्याचा अर्थ ‘एवढ्या घाईघाईने खात राहिलात तर पोटात अन्न अडकेल’ असा होतो. उच्चाराकडेही लक्ष द्यावे. स्वरानंतर हा प्रत्यय ‘दागानुन’ असा मृदू ऐकू येतो, पण ‘मॉक’ म्हणजे ‘खा’ या धातूच्या अखेरच्या क-काराला लागून आला की त्यातील ‘द’ कठोर होऊन ‘मॉक्तागानुन’ असे ऐकू येते. लिहिताना अक्षर तेच राहते. नवशिक्याला हे दोन वेगळे प्रत्यय वाटतात, ते यामुळेच.

शब्दकोशातील व्याख्या अत्यंत साध्या कोरियन भाषेत लिहिलेल्या असतात आणि या कोशाचे सर्वांत मोठे बळ तेच आहे. बृहद्कोशाची व्याख्या समजून घेण्यासाठी आणखी चार शब्द शोधावे लागतात. येथे मध्यम पातळीच्या विद्यार्थ्याला व्याख्या थेट वाचता येते. ‘-दागानुन’च्या बाबतीतही पुढच्या वाक्यांशात नकारात्मक स्थिती किंवा परिणाम येतो, ही मध्यवर्ती गोष्ट व्याख्येतच आहे. हा प्रत्यय म्हणजे ‘जर-तर’चाच एक प्रकार, अशी समजूत करून घेतलेले विद्यार्थी मी पुष्कळ पाहिले आहेत. त्यांनी ही व्याख्या एकदा शांतपणे वाचली तरी त्यांची निम्मी अडचण दूर होईल, कारण कोरियनमध्ये साध्या अटीसाठी ‘-म्यॉन’ हा वेगळा प्रत्यय आहे आणि त्याला चांगल्यावाइटाचे काहीच सोयरसुतक नाही. पाऊस पडला तर घरी थांबू, पैसे मिळाले तर घर घेऊ, ही दोन्ही वाक्ये ‘-म्यॉन’ने होतात. ‘-दागानुन’ने त्यांतले एकही होत नाही.

नोंदीखालची उदाहरणे हे या कोशाचे दुसरे बळ. सुटी वाक्ये तर असतातच, शिवाय दोन माणसांमधले छोटे संवादही दिलेले असतात. इशारा हा नेहमी कोणाला तरी उद्देशून, कोणत्या तरी प्रसंगी दिला जातो. सुट्या वाक्यात तो अर्धाच कळतो. संवादात पहिला माणूस काय करतो आहे आणि दुसऱ्याला त्यातले काय खटकले आहे, हे दोन्ही समोर येते. उदाहरणे चाळताना वाक्याच्या सुरुवातीला ‘कुरॉखे’ म्हणजे ‘तसे, एवढे’ किंवा ‘इरॉखे’ म्हणजे ‘असे’ हे शब्द येतात का, आणि शेवटी ‘-गेस्स-’ हे संभाव्यतेचे चिन्ह किंवा ‘कदाचित तसे होईल’ अशा अर्थाची रचना येते का, याकडे मी विद्यार्थ्यांना मुद्दाम लक्ष द्यायला सांगतो. या प्रत्ययाचा हा नेहमीचा परिवार आहे. प्रत्यय एकटा पाठ करण्यापेक्षा तो या परिवारासह पाठ केला तर बोलताना आपोआप तोंडात येतो.

वरच्या वाक्यातील ‘चेहादा’ या क्रियापदाविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण कोशाचा उपयोग कसा करावा हे त्यावरून नीट कळते. ‘चेहादा’ म्हणजे खाल्लेले अन्न नीट न पचता पोटात अडकून बसणे. आपण अजीर्ण म्हणतो ते याच्या जवळचे आहे. परंतु घाईने किंवा मन अस्वस्थ असताना जेवल्यामुळे अन्न अडकते, ही कोरियन समजूत त्या क्रियापदात मुरलेली आहे. जेवणाच्या वेळी कोरियन घरात ऐकू येणारा इशारा बहुधा हाच असतो आणि अन्न अडकलेच, तर अंगठ्याच्या नखापाशी सुई टोचून रक्ताचा थेंब काढण्याचा घरगुती उपायही तेथे सर्वांना माहीत आहे. प्रत्यय शोधायला जावे, त्याच्या उदाहरणातून अशा क्रियापदापर्यंत पोहोचावे, आणि तेथून पुढच्या नोंदीवर जावे, अशा पद्धतीने हा कोश वाचला तरच त्याचे चीज होते. अडला शब्द पाहून लगेच पान बंद करणाऱ्याला तो फार काही देणार नाही.

मराठी माणसाला हा प्रत्यय इंग्रजीच्या वाटेने शिकण्याची गरज नाही, हे मला येथे आग्रहाने सांगावेसे वाटते. इंग्रजीतून शिकवणाऱ्या साहित्यात ‘इफ यू कीप’ अशी लांबलचक रचना दिली जाते आणि विद्यार्थी प्रत्येक वेळी तिचे तुकडे जुळवत बसतो. आपल्याकडे ‘अशाने’ हा शब्द तयार आहे. ‘अशाने आजारी पडशील’, ‘अशाने गाडी चुकेल’, ‘अशाने कसे व्हायचे’ ही वाक्ये आपण दिवसभर बोलतो. त्यांतही चालू असलेल्या वागण्याकडे बोट दाखवलेले असते, परिणाम पुढे असतो, आणि बहुतेक वेळा तो वाईटच असतो. कोरियनमधला ‘इरॉदागानुन’ हा शब्द म्हणजे जवळजवळ हाच ‘अशाने’ आहे. ‘इरॉदागानुन माक्छारुल नोच्छिगेस्सॉयो’ म्हणजे ‘अशाने शेवटची गाडी चुकेल’. ज्याला हे एकदा उमगले त्याला पुढचे सूत्र पाठ करावे लागत नाही.

याहून महत्त्वाचा दुवा भूतकाळी रूपात आहे. ‘-दागानुन’च्या आधी भूतकाळाचे चिन्ह आले की ‘-आत्तागानुन’ किंवा ‘-ऑत्तागानुन’ अशी रूपे होतात, आणि ‘हादा’ म्हणजे ‘करणे’ या धातूचे ‘हेत्तागानुन’ होते. येथे काळ भूत नसतो. अजून न घडलेली गोष्ट एकदा जरी घडली तरी परिणाम भोगावे लागतील, असा तो इशारा असतो. ‘त्तो कॉजिन्माल हेत्तागानुन होन्नाल चुल आरा’ म्हणजे ‘पुन्हा खोटे बोललास तर बघ, ओरडा खाशील’. इंग्रजीतून शिकणारा येथे हमखास अडखळतो, कारण भविष्यातल्या गोष्टीला भूतकाळाचे चिन्ह कसे लागते हे त्याला समजत नाही. मराठी माणूस मात्र ‘बोललास तर’, ‘पडलास तर’, ‘उद्या तो आला तर’ असे भूतकाळी रूपच पुढच्या गोष्टीसाठी वापरत मोठा झालेला असतो. दोन्ही भाषांत फरक आहे तो सातत्याच्या अर्थाबाबत. आपल्याला त्यासाठी ‘बोलत राहिलास तर’ असे ‘राहणे’ जोडावे लागते, तर कोरियनमध्ये भूतकाळाचे चिन्ह काढून साधा ‘-दागानुन’ लावला की ते काम होते. एक रूप सवयीबद्दल इशारा देते, दुसरे एका कृतीबद्दल. शिवाय ‘त्तो कुरॅत्तागान…’ एवढेच म्हणून कोरियन माणूस वाक्य अर्ध्यावर सोडू शकतो, जसे आपण ‘पुन्हा असे केलेस तर…’ म्हणून थांबतो आणि पुढचे समोरच्याला डोळ्यांतून कळते.

येथपर्यंत कोश उत्तम साथ देतो. त्याची मर्यादा सुरू होते ती चुकीच्या वापराबाबत. काय म्हणतात हे तो दाखवतो, परंतु काय म्हणत नाहीत हे दाखवणारी अशुद्ध उदाहरणे देण्याची त्याची पद्धत नाही. ‘-दागानुन’च्या बाबतीत ही उणीव जाणवते, कारण या प्रत्ययावरची बंधने कडक आहेत. पुढच्या वाक्यांशात आज्ञा किंवा ‘चला, करू या’ असे आवाहन चालत नाही. परिणाम घडून गेला असेल तरी हा प्रत्यय चालत नाही. ‘एवढे खाल्लेस, आणि बघ, पोट बिघडले’ असे म्हणायचे असेल तर ‘-दॉनी’ हा दुसरा प्रत्यय घ्यावा लागतो, कारण इशाऱ्याची वेळ निघून गेलेली असते. आणि परिणाम चांगला असेल तर ‘-दा बोम्यॉन’ ही रचना येते. ‘कोंग्बुहादा बोम्यॉन’ म्हणजे अभ्यास करत राहिलात की हळूहळू जमेल, अशी ती आश्वासक रचना आहे. तिच्या जागी ‘कोंग्बुहादागानुन’ म्हणून पुढे ‘उत्तीर्ण व्हाल’ असे जोडले, तर ऐकणारा गोंधळून जातो. या तिन्ही नोंदी कोशात स्वतंत्रपणे सापडतात, पण त्या शेजारी शेजारी ठेवून तुलना करण्याचे काम वाचकावर पडते. ज्याला कोणती नोंद शोधावी हेच माहीत नाही, त्याने तुलना कशी करावी? या ठिकाणी शिक्षकाला पर्याय नाही.

कोरियन भाषा क्षमता परीक्षेच्या म्हणजे टॉपिकच्या दुसऱ्या स्तराची तयारी करणाऱ्यांना ही उणीव विशेष भासेल. त्या परीक्षेत श्रवणाचे ५० प्रश्न, लेखनाचे ४ आणि वाचनाचे ५० प्रश्न असतात, आणि तिच्यातून तिसरी ते सहावी श्रेणी ठरते. वाचनाच्या सुरुवातीच्या प्रश्नांत रिकाम्या जागी योग्य व्याकरणरूप निवडायचे असते. तेथे दिलेले पर्याय अर्थाने एकमेकांच्या जवळचे असतात, त्यामुळे प्रत्येक प्रत्ययाचा अर्थ ठाऊक असून भागत नाही, त्यांच्यातली सीमारेषा ठाऊक असावी लागते. केवळ या कोशावर विसंबून ती तयारी पूर्ण होणार नाही.

दुसरी गोष्ट सामाजिक वापराची. इशारा कोणाला द्यावा, कसा द्यावा, हा नाजूक विषय आहे, आणि कोरियन समाजात तर वय आणि पद यांचे भान प्रत्येक क्रियापदात ठेवावे लागते. हाच प्रत्यय आदरार्थी ‘-शि-’ जोडून वापरला की त्याची धार जाते आणि काळजी तेवढी उरते. ‘कुरॉखे मुरिहाशिदागानुन ब्यॉङ्नाशिगेस्सॉयो’ हे वाक्य वडीलधाऱ्या सहकाऱ्याला म्हणता येते. त्याचा भाव ‘एवढी दगदग करत राहिलात तर आजारी पडाल हो’ असा आहे. उलट भूतकाळी रूप आणि शेवटी अनादरार्थी क्रियापद आले की ती सरळ धमकी होते. बरोबरीचा मित्र किंवा घरातले लहान मूल यांच्यापलीकडे ती वापरणे धोक्याचे आहे. कोशातील संवाद वाचून सूक्ष्म दृष्टीच्या वाचकाला हे जाणवते, परंतु नोंदीत तसे स्पष्ट लिहिलेले असते तर अधिक बरे झाले असते. घसरून पडणाऱ्याला सावध करणारा ‘नॉमॉजिल्ला’ हा ‘पडशील हं’ अशा अर्थाचा उद्गार याच कुटुंबातला आहे. तोही बरोबरीच्या किंवा आपल्यापेक्षा लहान माणसांसाठीच राखलेला आहे.

हा मुद्दा महाराष्ट्रातील वाचकांसाठी केवळ अभ्यासाचा नाही. रांजणगावला एलजीचा कारखाना आहे, तळेगावचा जुना जनरल मोटर्सचा कारखाना आता ह्युंदाईकडे आहे, आणि रायगड जिल्ह्यात माणगाव तालुक्यात पॉस्कोचा पोलाद प्रकल्प आहे. अशा कोरियन कंपन्यांत दुभाषी म्हणून काम करू इच्छिणाऱ्या तरुणांना ‘इरॉदागानुन नाप्किरुल मोन् माच्छुम्निदा’ अशा वाक्याचा अर्थ क्षणात लावता आला पाहिजे. ‘नाप्की’ म्हणजे माल पोहोचवण्याची ठरलेली मुदत. हे वाक्य ‘जर असे झाले तर मुदत पाळता येणार नाही’ असे मराठीत सांगितले, तर ऐकणाऱ्याला ती एक शक्यता वाटते. ‘अशाने मुदत पाळता येणार नाही’ असे सांगितले, तर आत्ता या घडीला जे चालले आहे तेच बदलायचे आहे, हे त्याच्या लक्षात येते. बैठकीत दुभाष्याची किंमत अशा फरकावर ठरते. यंत्राकडून भाषांतर करून घेणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे, कारण ‘-म्यॉन’ आणि ‘-दागानुन’ हे दोन्ही इंग्रजीत एकाच ‘इफ’मध्ये विरघळून जाण्याचा धोका असतो.

परकीय भाषांच्या सोयीबद्दल सांगायचे तर कोशात इंग्रजी, जपानी, चिनी, फ्रेंच, स्पॅनिश, अरबी, रशियन, मंगोलियन, व्हिएतनामी, थाई आणि इंडोनेशियन अशा अकरा भाषांची निवड करता येते. निवडलेल्या भाषेत शब्दाचा प्रतिशब्द आणि व्याख्या दोन्ही दिसतात. उदाहरणे मात्र कोरियनमध्येच राहतात, त्यांचे भाषांतर दिलेले नसते. पुष्कळांना हा दोष वाटतो. मला तो दोष वाटत नाही. भाषांतर समोर असले की डोळा आधी तिकडे धावतो आणि मूळ वाक्य न वाचताच पान उलटले जाते. तथापि प्राथमिक पातळीवरच्या विद्यार्थ्याला या उदाहरणांचा काहीही उपयोग होत नाही, हेही मान्य केले पाहिजे, आणि म्हणून पहिल्या वर्षात हा कोश मी कोणालाही सुचवत नाही. त्या काळात ‘नेव्हर’ या कोरियन संकेतस्थळावरचा कोश वापरावा. त्यात या कोशाचा मजकूर इतर कोशांबरोबर एकत्र दिसतो आणि शोधही अधिक सैल पद्धतीने घेता येतो. वर्ष-दीड वर्षाने, साधी वाक्ये आधाराशिवाय वाचता येऊ लागली की, मूळ कोशाकडे यावे आणि भाषेची निवड बंद करून केवळ कोरियन व्याख्या वाचण्याची सवय लावावी. प्रत्ययांसाठी तर हे अत्यावश्यक आहे.

अकरा भाषांत हिंदी नाही, मराठी नाही, भारतातील कोणतीही भाषा नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिक स्तरावर शिकवता येतील अशा परकीय भाषांत कोरियनचा उल्लेख झाल्यानंतर ही उणीव अधिकच बोचू लागली आहे. परंतु या कोशाचा मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या अशा परवान्याखाली खुला आहे की मूळ श्रेय देऊन आणि त्याच अटी पुढे चालू ठेवून कोणालाही तो उतरवून घेता येतो, त्याचे भाषांतर करता येते आणि प्रसिद्धही करता येते. सगळ्या ५० हजार नोंदी मराठीत आणणे हे मोठ्या संस्थेचे काम आहे. प्रत्यय आणि व्याकरणाच्या नोंदी मात्र त्यामानाने थोड्या आहेत, आणि त्यांची मराठी आवृत्ती कोरियन शिकवणाऱ्या काही मराठी शिक्षकांना एकत्र बसून करता येण्यासारखी आहे. त्या कामाला कोणी हात घालणार असेल, तर ‘-दागानुन’च्या नोंदीपुढे ‘जर-तर’ न लिहिता ‘अशाने’ लिहावे, आणि ‘-ऑत्तागानुन’पुढे ‘केलेस तर बघ’ असे लिहावे, एवढी माझी सूचना आहे.